‘पगार’ कोणाचा?

आखाजीचा सण जवळ आला, की खानदेशातील खेड्यांत दोन गोष्टींची लगबग सुरू होते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. आणि ज्या घरी सालदार असतो, तेथे जुन्या सालाचा हिशेब मिटवून नवे साल ठरविले जाते. जळगावजवळचे असोदा हे असेच काळ्या जमिनीचे गाव. कापूस, केळी आणि भरिताची वांगी ही तेथील शेताची ओळख. पूर्वी मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यात दोन-दोन, तीन-तीन सालदार असत. आता सालदार मिळणे कठीण झाले आहे. तरी ती रीत पुरती मोडलेली नाही.

अशा गावातील शाळेत एखाद्या विद्यार्थ्यास विचारावे, “गावात पगार कोणाला मिळतो?” तो लगेच सांगेल : मास्तरांना, तलाठ्याला, बँकेतील कारकुनाला, एस.टी.च्या वाहकाला. सालदाराचे नाव तो घेणार नाही. आणखी खोदून विचारले, तर उत्तर येईल, “त्याला पगार नसतो, साल असते.” आणि कापूस वेचणाऱ्या बायांना? “त्यांना मजुरी.” ज्याला रोजच्या रोज पैसे मिळतात, त्याला ‘रोज’. अशी ही शब्दांची उतरंड प्रत्येक मुलाच्या मनात न शिकविता रचलेली असते, आणि ‘पगार’ हा शब्द तिच्यात सर्वांत वर ठेवलेला असतो. मुलाचे उत्तर व्यवहाराच्या दृष्टीने चूक नाही. परंतु ‘पगार’ या शब्दाचा जन्म आणि त्याचे व्याकरण पाहिले, म्हणजे ही उतरंड किती कच्च्या पायावर उभी आहे, हे ध्यानात येते.

हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो परका असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः तो पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले; १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरील माणसे त्यांच्या गलबतांवर, वखारींत आणि किल्ल्यांच्या बांधकामांवर राबली. जेथे परक्या धन्याची चाकरी असते, तेथे कामाचे, वस्तूंचे आणि पैशाचे शब्द आधी येतात. साबण, चावी, पाव, कोबी, घमेले हे शब्द असेच आले, आणि त्यांच्याबरोबर ‘पगार’ही आला. गोव्याचे विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्ये सिद्ध केला. तो चाळला, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि अंगणातल्या किती वस्तूंनी समुद्र ओलांडला आहे, हे पाहून विस्मय वाटतो. ‘पगार’ हा शब्द गुजरातीतही आहे, आणि मराठी व गुजराती यांच्या सांध्यावर वसलेल्या खानदेशास तो दोन्ही अंगांनी परिचित आहे.

पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. मराठी जशी प्राकृताच्या वाटेने संस्कृतपर्यंत पोहोचते, तशी पोर्तुगीज प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेपर्यंत पोहोचते. म्हणून ‘पगार’चे मूळ शोधावयाचे तर रोमपर्यंत जावे लागते. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ असे एक नाम आहे. त्याचा अर्थ तह, सलोखा, शांती. दोन पक्षांनी एकमेकांना वचनाने बांधून घेतले, म्हणजे जी स्थिती येते, ती ‘पाक्स’. या शब्दाच्या मुळाशी बांधण्याचाच अर्थ असून संस्कृतातील ‘पाश’ हा त्याचा दूरचा नातलग आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. या ‘पाक्स’पासून ‘पाकारे’ हे क्रियापद झाले : शांत करणे.

येथे अर्थाचा एक मोठा पालट घडला, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्यूलियस सीझरच्या काळी ‘पाकारे’ म्हणजे जिंकलेला मुलूख तलवारीच्या बळावर शांत करणे. बलवान माणूस दुबळ्याला गप्प करी, त्यालाच हे गोंडस नाव होते. पुढे लॅटिन भाषा सामान्य लोकांच्या व्यवहारात उतरली, बाजारात आणि सावकाराच्या दारात बोलली जाऊ लागली; तेव्हा याच क्रियापदाला दुसरा अर्थ आला. ज्याचे पैसे येणे आहे, तो दारात उभा आहे. त्याचे देणे देऊन त्याला शांत करणे म्हणजे ‘पाकारे’. आता शांत करणारा बलवान उरला नाही. तो ऋणको झाला, आणि ज्याला शांत करावयाचे तो धनको झाला. पोर्तुगीजांनी हाच दुसरा अर्थ उचलला आणि क्रियापदाचे रूप ‘पगार’ असे केले. फ्रेंचांच्या वाटेने तेच क्रियापद इंग्रजीत गेले आणि तेथे ‘पे’ झाले. तेव्हा कचेरीतील ‘पे-बिल’ आणि घरी सांगितला जाणारा ‘पगार’ हे एकाच आजीचे नातू होत.

आता व्याकरणाकडे वळावे. ‘पाकारे’ या शब्दातील ‘आरे’ हा प्रत्यय पोर्तुगीजमध्ये ‘आर’ असा आखूड झाला. ‘फालार’ म्हणजे बोलणे, ‘कान्तार’ म्हणजे गाणे. त्याचप्रमाणे ‘पगार’ म्हणजे देणे चुकविणे. मराठीत ‘णे’ हा प्रत्यय जे काम करतो, तेच काम तेथे ‘आर’ करतो. म्हणून या शब्दाची फोड ‘पग + आर’ अशी होते. ‘रोजगार’ शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘रोजगार’ फारसी आहे आणि त्याची फोड ‘रोज + गार’ अशी होते. रोज मिळणारा पगार तो रोजगार, अशी व्युत्पत्ती कित्येकदा ऐकावयास मिळते. ती ऐकण्यास गोड आहे, पण खरी नाही.

याचा अर्थ असा, की मराठीने एक आख्खे क्रियापद प्रत्ययासकट उचलले आणि त्याचे नाम केले. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘गाणे’, ‘खाणे’, ‘दुखणे’ ही मुळात क्रियेचीच रूपे. पण “एक गाणे म्हटले”, “दुखणे बरे झाले” असे म्हणताना ती नामे होऊन बसतात. ‘देणे’ हा शब्द तर याचा उत्तम दाखला आहे. “त्याचे शंभर रुपये देणे आहे” या वाक्यात ‘देणे’ म्हणजे ऋण. मात्र ही सारी धातुसाधित नामे मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि ‘पगार’ पुल्लिंगी आहे. पोर्तुगीजमध्येही क्रियापदाचे असे नाम केले तर ते पुल्लिंगीच होते; परंतु वसईच्या वखारीत ओझी वाहणाऱ्या माणसास ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या कानाने ‘व्यापार’, ‘कारभार’, ‘बाजार’, ‘शेजार’ ऐकले होते. त्या ओळीत त्याने ‘पगार’ला नेऊन बसविले आणि ते सारे पुल्लिंगी म्हणून हाही पुल्लिंगी झाला. शब्दाचे लिंग ठरविण्यासाठी पंडितांची सभा भरत नाही. ज्यांनी कधी पाटी-लेखणी हाती धरली नाही, अशी माणसेच हा निवाडा करतात, आणि पुढे पंडित त्याचा नियम लिहितात. २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील मराठीचे व्याकरण कोणी त्यांना शिकविले नव्हते.

एकदा मराठी झाल्यावर ‘पगार’ने मराठीचे सारे नियम पाळले. अकारान्त पुल्लिंगी नामाप्रमाणे त्याचे अनेकवचन तसेच राहते : एक पगार, चार पगार. विभक्तिप्रत्यय लागताना ‘पगारा’ असे सामान्यरूप होते. त्यापासून ‘पगारी’ हे विशेषण झाले, ‘बिनपगारी’ झाले, आणि फारसी ‘दार’ जोडून ‘पगारदार’ही झाला. विनाअधिकार सर्वत्र मिरविणाऱ्या गृहस्थास लोक ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणतात. या तीन शब्दांत किती देशांची माणसे एका पंगतीस बसली आहेत!

परंतु या शब्दाचे खरे रहस्य षष्ठी विभक्तीत आहे. ‘मालकाचे दान’, ‘मालकाची मेहेरबानी’, ‘मालकाचे उपकार’ या शब्दप्रयोगांत षष्ठी देणाऱ्याला लागते. दान घेतो याचक, पण ते म्हणावयाचे मालकाचे. आता ‘पगार’ घ्यावा. पैसे मालकाच्या पेटीतून निघतात. तरी ‘गड्याचा पगार’, ‘शिक्षकाचा पगार’, ‘माझा पगार’ असेच म्हटले जाते. ‘मालकाचा पगार’ असे कोणी म्हटले, तर मालकही कोठे नोकरीस आहे की काय, अशी शंका येईल! पैसे हाती पडण्यापूर्वीच, नव्हे महिना भरला त्याच क्षणी, भाषा ते पैसे काम करणाऱ्याच्या नावे लावून मोकळी होते.

क्रियापदांचीही साक्ष अशीच आहे. पगार ‘होतो’, पगार ‘मिळतो’. आणि वेळेवर न मिळाला, तर पगार ‘थकतो’. मराठीत काय काय थकते, हे एकदा पाहावे. व्याज थकते, शेतसारा थकतो, घराचे भाडे थकते, दुकानदाराची उधारी थकते. थकते ते देणे. भिक्षा थकत नाही, बक्षीस थकत नाही, देणगी थकत नाही. “अमक्याचे उपकार तीन महिने थकले आहेत” असे वाक्य कोणी उच्चारले, तर मुले हसतील. आणि त्यांचे हसणे व्याकरणशुद्ध असेल. ‘पगार थकला’ असे म्हणताच बोलणारा, त्याच्या नकळत, हे कबूल करतो, की तो पैसा कोणाच्या मर्जीचा नसून येणे असलेला आहे.

याच्या अगदी उलट दिशेचा एक शब्दप्रयोग मराठीत आहे : खाल्ल्या मिठाला जागणे. मिठाचा संबंध चाकरीशी जोडण्याची कल्पना अनेक देशांत आढळते. शहरांतून हल्ली बोलला जाणारा ‘सॅलरी’ हा शब्दही लॅटिन ‘सालारियुम’पासून, आणि तो ‘साल’ म्हणजे मीठ यापासून आला आहे. हा ‘साल’ आणि खानदेशातील सालदाराचे ‘साल’ यांचा संबंध मात्र जोडू नये. सालदाराचे ‘साल’ फारसी असून त्याचा अर्थ वर्ष. रोमन शिपायांना वेतन म्हणून मीठच मिळे, अशी कथा पुस्तकांतून आवडीने छापली जाते. परंतु प्राचीन ग्रंथांत तसा स्पष्ट पुरावा नाही. ते कसेही असो. मिठाच्या भाषेत खाणारा ऋणी असतो आणि वाढणारा धनी असतो. चाकराने राबावे, आणि राबूनही जन्मभर उपकारांखाली वाकून राहावे, असा तिचा कल आहे. निष्ठा हा मोठा गुण आहे, यात संशय नाही. रणांगणावर धन्यासाठी देह ठेवणाऱ्या शिपायास ती भाषा शोभते. पण बारा महिने नांगर हाकणाऱ्या, रात्री पाणी भरणाऱ्या, बैलांच्या आधी उठणाऱ्या माणसाला त्याच्या श्रमाचे पैसे देताना कोणी मिठाची आठवण करून देत असेल, तर तो दोन निराळे हिशेब एका वहीत मांडत आहे. ‘पगार’ हा शब्द तो घोटाळा होऊ देत नाही. त्याच्या मुळातच देणारा ऋणको आहे.

सालदारीच्या रीतीत हा प्रवाह उलटा वाहू लागतो तो ‘उचल’ या शब्दामुळे. साल ठरताना लग्नासाठी, आजारपणासाठी, जुन्या कर्जासाठी सालदार काही रक्कम आगाऊ घेतो. ती त्याची उचल. काम सुरू होण्यापूर्वीच तो ऋणको होतो. वर्षभर राबून जे मिळावयाचे, ते वर्षाच्या पहिल्याच दिवशी निम्मे संपलेले असते. आखाजीस हिशेब होतो तेव्हा कित्येकदा येण्याऐवजी देणेच निघते आणि त्याच घरी दुसरे साल मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सगळेच शेतकरी असे वागतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडल्या वेळी उचल देणारा मालक सालदारास सावकारापेक्षा बराच वाटतो. परंतु उचलीचे देणे फिटेपर्यंत माणूस बांधला जातो, ही गोष्ट इतकी खरी होती, की वेठबिगारीचे निर्मूलन करण्यासाठी देशाला १९७६ मध्ये कायदा करावा लागला. ‘पगार’ आणि ‘बिगार’ कानाला सारखे लागतात. पण ‘बिगार’ फारसी आहे आणि त्यात कोणाचेच कोणाला देणे नसते.

‘पगार’ हा शब्द परका, म्हणून त्याऐवजी ‘वेतन’ म्हणावे, असा भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांचा आग्रह असे. सरकारी कागदावर ‘वेतन’ आले आहे आणि तेथे ते शोभूनही दिसते. त्या शब्दाची परंपरा थोर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कारागीर आणि सेवक यांच्या वेतनाचा विचार आहे. मनुस्मृतीने वादाची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋण न फेडणे हे जसे एक आहे, तसे वेतन न देणे हेही एक आहे. नारदस्मृतीत त्याचे नाव ‘वेतनस्यानपाकर्म’ असे आहे. ‘अनपाकर्म’ म्हणजे न फेडणे. फेडावयाचे असते ते ऋण. म्हणजे संस्कृत शास्त्रकारांनीही वेतनाला ऋणाच्याच पंक्तीस बसविले. असे असता ‘पगार’ला हाकलून देण्याने साधणार काय? दोन शब्द दोन खंडांतून आले आणि एकच गोष्ट बोलत आहेत. एकाने कागदावर राहावे, दुसऱ्याने जिभेवर.

कायद्यानेही तेच सांगितले. १९३६ च्या वेतन-अदायगीच्या कायद्याने, एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात, महिना संपल्यावर सातवा दिवस संपण्यापूर्वी पगार झालाच पाहिजे, असे बंधन घातले होते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने तर शेतीतील कामही आपल्या अनुसूचीत घेतले होते. कारखान्याच्या भोंग्याला आणि शेताच्या बांधाला कायद्याने एका न्यायाने तोलण्याचा प्रयत्न केला. लोकांच्या बोलण्यातली उतरंड मात्र तशीच राहिली.

ती तशीच राहावी, याचे आश्चर्य अधिक वाटते ते खानदेशातील शेतकऱ्याकडे पाहून. कारण ‘पगार’चा नेमका अर्थ सांगणारा एक अस्सल मराठी शब्द त्याच्याच तोंडी आहे. त्याने कापूस विकला, की त्याचे जे पैसे यावयाचे, त्यांना तो ‘चुकारा’ म्हणतो. देणे चुकविणे यापासून ‘चुकारा’. लॅटिन ‘पाकारे’चे यापेक्षा चांगले भाषांतर कोणत्याही कोशकाराला करता आले नसते! १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून ‘चुकारे केव्हा मिळणार’ हा प्रश्न गावोगावच्या पारावर किती वेळा विचारला गेला असेल, याची गणती नाही. चुकारा थकला म्हणजे काय होते, हे असोद्याच्या शेतकऱ्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. बियाण्याचे पैसे, मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाचे शुल्क, सारे खोळंबते, आणि तो म्हणतो, “माल आमचा, घाम आमचा, मग आमचेच पैसे मागायला आम्ही किती फेऱ्या घालायच्या?” त्याचा संताप रास्त आहे.

आता त्याच कापसाचा माग उलट काढावा. तो ज्या बायांनी वेचला, त्यांची मजुरी किलोवर ठरलेली असते. सकाळी दव सुकण्यापूर्वी त्या शेतात शिरतात. बोंडांच्या टोकांनी बोटे सोलतात, कमरेच्या ओटीत कापूस साठत जातो. संध्याकाळी तो काट्यावर चढतो. काटा कोणाच्या हाती असतो, हे सांगावयास नको. ज्याने जमीन नांगरली, तो सालदार. या दोघांचेही येणे शेतकऱ्याकडे आहे. बाजारातील व्यापारी किंवा खरेदी केंद्र शेतकऱ्याचा ऋणको; शेतकरी वेचणारणीचा आणि सालदाराचा ऋणको. एकाच कापसाच्या धाग्यावर हे दोन्ही हिशेब ओवलेले आहेत. पहिल्याला ‘चुकारा’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याला ‘पोटाला देतो’ म्हणावयाचे, हा शब्दांचा पंक्तिप्रपंच झाला. चुकारा मिळाला नाही म्हणून मजुरी थांबली, ही अडचण कोणासही समजेल. परंतु अडचण सांगणे निराळे आणि देणेच नाकारणे निराळे.

असोद्याच्या शाळेत आखाजीच्या सणावर निबंध लिहावयास सांगितला, आणि एखाद्या मुलाने झोके, गाणी, आमरस-पुरणपोळी यांचे वर्णन करता करता “त्या दिवशी सालदाराचा पगार झाला” असे वाक्य लिहिले, तर वर्गातील इतर मुले कदाचित हसतील. शिक्षकाने मात्र त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढू नये. त्यातील लिंग बरोबर आहे, आणि षष्ठीही बरोबर माणसाला लागली आहे.